बाटलीतली स्मरणशक्ती

गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसते, दात पडले, या तक्रारी आपल्या घरांतील वृद्ध मंडळी मोकळेपणाने सांगतात. त्यांवर थोडा विनोदही करतात. परंतु 'मला हल्ली आठवत नाही' हे वाक्य ती सहसा उच्चारत नाहीत. ते ओठांशी येते आणि परत जाते. गुडघा गेला तरी माणूस उरतो. स्मरण गेले तर आपण उरू काय, ही शंका त्या वाक्यामागे दबा धरून बसलेली असते. गेल्या काही वर्षांत या न उच्चारलेल्या शंकेवर एक मोठा व्यापार उभा राहिला आहे आणि त्याने आपल्या कुटुंबांपुढे एक नैतिक प्रश्न ठेवला आहे. त्या प्रश्नाचा विचार वाचकांच्या सोबतीने करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न आमच्या घरातूनच सुरू झाला. आमच्या आत्या नागपुरात, सदर भागात, धाकट्या मुलाकडे राहतात. प्राथमिक शाळेत 34 वर्षे शिकवून त्या निवृत्त झाल्या. वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि घराचा पत्ता त्यांना पाठ असे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न दोनदा येऊ लागला. वरणात मीठ दोनदा पडू लागले. एका शनिवारी सकाळी त्या रविवारची साडी नेसून मिस्सेला निघाल्या. सायंकाळी जपमाळ म्हणताना कितवे रहस्य चालले आहे याचा त्यांना विसर पडे, आणि मग त्या क्षणभर थांबून, काहीच घडले नाही अशा आविर्भावात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत.

नातेवाइकांत ही वार्ता पसरली आणि प्रत्येकाने आपापल्या परीने प्रेम पाठवले. आखाती देशातील पुतण्याने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. पुण्याच्या भाचीने ब्राह्मी आणि शंखपुष्पीच्या गोळ्या दिल्या. अमेरिकेतून आलेल्या एका नातलगाने गिंकोच्या पानांच्या अर्काची मोठी बाटली आणली. शेजारच्या बाईंनी रात्री भिजवलेले बदाम सुचवले, आणि आम्हीही मागे राहू नये म्हणून सीताबर्डीवरून जीवनसत्त्वांचा एक डबा घेऊन गेलो. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली जी फळी आहे, तिच्यावर मेणबत्तीच्या शेजारी अशा सात बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. यातली गंमत सुनेच्या आधी लक्षात आली. स्मरणशक्तीची गोळी घ्यायची, तर ती घेण्याचे स्मरण असावे लागते! एक बाटली आत्यांनी आठ दिवसांत निम्मी संपवली होती आणि दुसऱ्या दोन बाटल्यांची झाकणेही उघडलेली नव्हती.

एके दिवशी त्यांनी आम्हांला विचारले, "काय रे, ह्या गोळ्यांनी खरंच आठवतं का?"

आम्ही म्हणालो, "घेऊन तर पाहा, आत्या. अपाय तर नाही ना?"

उत्तर सहज दिले गेले. घरी परतल्यावर मात्र ते आम्हांला टोचू लागले. आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकविणाऱ्या एका शिक्षिकेने सरळ प्रश्न विचारला होता आणि आम्ही तिला उत्तर न देता तिची समजूत घातली होती. शिवाय जे सांगितले ते तरी खरे होते काय? या एका वाक्याची आम्ही नंतर जी चौकशी केली, तीच पुढे मांडीत आहोत.

प्रथम 'घेऊन तर पाहा' याचा विचार करू. जगात हे पुष्कळांनी घेऊन पाहिले आहे, आणि त्याचे हिशेबही ठेवले गेले आहेत. अमेरिकेत 75 वर्षे व त्यावरील वयाच्या 3,069 स्त्रीपुरुषांवर गिंकोची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना गिंको दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली, आणि सुमारे सहा वर्षे त्यांची तपासणी केली. गिंको घेणाऱ्यांपैकी 277 जणांना आणि न घेणाऱ्यांपैकी 246 जणांना स्मृतिभ्रंश झाला. म्हणजे गिंकोने कोणाचे रक्षण केले नाही. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत या हेतूने ब आणि ई जीवनसत्त्वांच्या, तसेच माशाच्या तेलासारख्या पूरक गोळ्या देण्याची शिफारस करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 2,262 वृद्धांपैकी काहींना तीन वर्षे रोज साधी बहुजीवनसत्त्वाची गोळी देण्यात आली, आणि स्मरणाच्या परीक्षांत त्यांचे गुण इतरांपेक्षा थोडे बरे आले. पण परीक्षेतील थोडे अधिक गुण आणि स्मृतिभ्रंशापासून बचाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या गोळीने स्मृतिभ्रंश टळतो असे त्या चाचणीने सिद्ध केलेले नाही. आपल्या ब्राह्मीवरही अभ्यास झाले आहेत. काही लहान चाचण्यांत, निरोगी माणसांनी ती काही आठवडे घेतल्यावर, अवधानात थोडी सुधारणा दिसली. पण तिने स्मृतिभ्रंश थांबतो असा पुरावा नाही. भरीला ब्राह्मी या एकाच नावाने नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी अशा दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, तेव्हा आपल्या बाटलीत कोणती आहे हेही पुष्कळदा घेणाऱ्याला ठाऊक नसते.

आता 'अपाय तर नाही ना' हे घेऊ. गिंकोमुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्राव होण्याची शक्यता वाढू शकते, असा इशारा डॉक्टर देतात. आणि हृदयविकारामुळे अशी औषधे घेणारे वृद्ध आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. पण औषधशास्त्रातील अपाय बाजूला ठेवला, तरी आणखी दोन अपाय उरतात.

पहिला अपाय विलंबाचा. आपण बाटली आणतो आणि आपल्याला वाटते, काहीतरी केले. ते समाधान आपल्याला डॉक्टरांच्या दारापासून दूर ठेवते. आत्यांच्या बाबतीत तसे आठ महिने गेले. शेवटी रामदासपेठेतील एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे त्यांना नेले. त्यांनी बाटल्यांची नावे ऐकून घेतली आणि विचारले, "मधुमेहाची गोळी कोणती, आणि किती वर्षे?" मेटफॉर्मिन, बारा वर्षे. "मांस, मासे, अंडी खातात?" यजमानांच्या निधनानंतर आत्यांनी सामिष आहार सोडला होता, आणि दूध पचत नाही म्हणून तेही बंद होते. "पायांना मुंग्या येतात?" येत होत्या, पण हे आत्यांनी कोणाला सांगितले नव्हते. रक्त तपासले तेव्हा ब-12 जीवनसत्त्वाचे प्रमाण फारच कमी निघाले.

हे जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येते. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाले म्हणजे अन्नातील ब-12 नीट शोषले जात नाही. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. ते फार घटले म्हणजे मज्जातंतू दुखावतात, पाय बधिर होतात आणि स्मरण मंदावते. कंठग्रंथीचा स्राव कमी होणे, मनाचे दीर्घ औदासीन्य, झोपेच्या वा सर्दीच्या काही गोळ्यांचा परिणाम, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, अशी विस्मरणाची इतरही कारणे आहेत आणि ती वेळीच ओळखली तर त्यांवर उपाय होऊ शकतो. थोडक्यात, पूरक गोळीला स्थान आहे. ते जिथे उणीव सिद्ध झाली आहे तिथे आहे. उणीव कोणती हे न पाहता सात बाटल्या ओळीने मांडणे हा उपचार नव्हे. आत्यांच्या फळीवर ब-12 पुरेशा मात्रेत असलेली बाटली एकही नव्हती.

डॉक्टरांनी दुसरीही गोष्ट सांगितली: आत्यांना ऐकू कमी येत होते. जे नीट ऐकलेच नाही ते आठवणार कसे? आम्ही त्यांना 'विसरलात' म्हणून हिणवीत होतो अशा कितीतरी गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या अशा 14 कारणांची यादी दिली, ज्यांवर माणसाला काही करता येते. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, धूम्रपान, मद्य, व्यायामाचा अभाव, अधू दृष्टी, एकाकीपण ही त्यांतली काही. ही सगळी कारणे दूर झाली तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. भारतात 60 वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असे अलीकडच्या देशव्यापी पाहणीतून अनुमान निघाले आहे. त्या 88 लाख घरांचा विचार केला म्हणजे या 45 टक्क्यांचे मोल कळते.

दुसरा अपाय अधिक सूक्ष्म आहे. स्मरण गोळीने राखता येते असे एकदा घराने मानले, की विस्मरण हा दोष ठरू लागतो. "गोळी घेतली नसणार, म्हणून विसरलात," असे आम्ही आत्यांना एकदा म्हणालो होतो. आजाराचा भार त्यांच्या खांद्यावर होताच. त्यावर आम्ही अपराधाचा भार ठेवला. वर्गात हजेरी घेणाऱ्या बाई आता रोज स्वतःचीच हजेरी देत होत्या आणि त्यात अनुत्तीर्ण होत होत्या. आपल्या देशात औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 पासून आहे, आणि मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिराती त्याच्या कक्षेत येतात. पूरक आहाराच्या गोळ्यांसाठी 2016 सालचे नियम आहेत. त्यांनुसार 'औषधी उपयोगासाठी नाही' असे वेष्टनावर छापावे लागते. दर्शनी बाजूला तेजाने झळकणारा मेंदू आणि मागे बारीक अक्षरांतले हे वाक्य, असे डबे आम्ही पाहिले आहेत. कायदा त्या बारीक अक्षरांनी पाळला जात असेल. पण चष्मा लावूनही ज्यांना ती अक्षरे दिसत नाहीत, त्यांनाच तर तो डबा विकायचा असतो.

कोणी म्हणेल, आयुर्वेदाची परंपरा एवढी जुनी, तिला तुम्ही बाजारी ठरवता काय? तसे नाही. आपले नागपूर तर आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यावरून बैद्यनाथ चौक ओळखणारे शहर. परंपरेचा आदर करायचा तर ती पुरती वाचली पाहिजे. चरकसंहितेत बुद्धिवर्धक म्हणून चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. त्याच चिकित्सास्थानात, रसायनांच्याच प्रकरणात, 'आचार रसायन' म्हणून आणखी एक रसायन येते, आणि त्यात एकही वनस्पती नाही. सत्य बोलावे, क्रोध करू नये, वाणी गोड असावी, दान करावे, झोप आणि जागरण यांत समतोल राखावा, वडीलधाऱ्यांची सेवा करावी, असा तो आचार आहे. जो असा वागतो त्याला रसायनाचे फळ मिळते, असे त्या ग्रंथाचे म्हणणे. आजच्या बाटलीत शंखपुष्पी भरता आली, वृद्धांची सेवा भरता आली नाही. म्हणून ती बाहेरच राहिली.

फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1,260 व्यक्तींवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा कल काहीसा याच दिशेचा आहे. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाबादी विकारांवर लक्ष, असे सर्व मिळून दोन वर्षे केले, तेव्हा त्या व्यक्तींच्या बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा चांगल्या राहिल्या. यांतले एकही काम कुरियरने पाठवता येत नाही. त्यासाठी कोणीतरी सोबत चालावे लागते. ज्या टेकडीला आपल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे सेमिनरी हिल्स हे नाव मिळाले, तिथे सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते; त्यात आजीचा हात धरून चालणारा नातू आम्हांला क्वचितच दिसतो.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. सगळे उपाय करूनही स्मरण गेले तर? आत्यांना ब-12 ची इंजेक्शने सुरू झाली. पायांच्या मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर तरतरी आली, मीठ दोनदा पडणे थांबले. कानाला यंत्र लागले. पण सर्व काही परत आले नाही. काही महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले की उणीव भरली, तिच्याखाली दुसरा आजारही आहे आणि तो हळूहळू वाढेल. मग ज्या शंकेपासून आपण निघालो, तिच्यापाशीच येतो: स्मरणाबरोबर माणूस जातो काय?

सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने म्हटले की माणसाची ओळख त्याच्या जाणिवेवर आधारलेली असते. ती जाणीव मागे भूतकाळात जिथवर पोहोचते तिथवरच तो 'मी' असतो. आजचा बाजार, नकळत का होईना, लॉकचाच शिष्य आहे. त्याचे म्हणणे असे, की स्मरण हा तुझा एकट्याचा ठेवा आहे, तो तुझ्या डोक्यात आहे, आणि तो सांभाळला नाहीस तर तू संपलास. आपल्या श्रद्धेचा अनुभव मात्र निराळा आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार तान्हेपणी झाला. तो कोणाला आठवतो? पाण्याचा तो गार स्पर्श, तेलाचा अभिषेक, आईवडिलांनी व धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने दिलेली उत्तरे, यांतले आपल्याला काहीही आठवत नाही. तरी तो संस्कार आपला आहे, आणि आपले ख्रिस्ती जीवन त्यावर उभे आहे. तो आठवण्याचे काम इतरांनी केले. चर्चच्या नोंदवहीत कोणीतरी तारीख व नाव लिहून ठेवले. आयुष्याच्या आरंभी आपले स्मरण दुसऱ्यांनी केले म्हणून आपण कमी माणूस नव्हतो. मग आयुष्याच्या अखेरीस दुसऱ्यांना ते करावे लागले, तर आपण कमी माणूस का ठरावे?

जुन्या करारात बेन सिराने पुत्राला उपदेश केला आहे की वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांना सांभाळून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्यांचा अवमान करू नकोस. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या उपदेशकाला हा आजार ठाऊक होता, आणि त्याने त्याविषयीचे कर्तव्य मुलाच्या माथी ठेवले, वडिलांच्या नव्हे. त्याच ग्रंथात पुढे वैद्याचा मान राखण्याचाही उपदेश आहे, कारण औषधी परमेश्वराने भूमीतून निर्माण केल्या आहेत. म्हणजे औषध आणि सांभाळ यांत त्याने भांडण लावलेले नाही. भांडण तेव्हा उभे राहते, जेव्हा एकाच्या पैशांत दुसऱ्यातून सुटका मिळवण्याचा मोह होतो.

यावर एक आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःला घेतला. निरुपयोगी गोळीनेही वृद्धांना आशा मिळते. ती का हिरावून घ्यावी? आम्हांला वाटते, आशा आणि भुलावण यांतला भेद इथे ओळखावा. भुलावण सांगते, 'काही होणार नाही.' आशा सांगते, 'जे होईल त्यात तुम्ही एकटे नसाल.' पहिले वचन कोणताही कारखाना पाळू शकत नाही. दुसरे पाळणे आपल्या हाती आहे, आणि म्हणूनच ते अवघड आहे. त्याला रोजची सायंकाळ द्यावी लागते. बाटल्या पाठवणाऱ्या आमच्या नातेवाइकांचे प्रेम खोटे नव्हते, आमचेही नव्हते. आम्हांला आत्यांचा आजार दूर करायचा होता. पण त्यांच्यापाशी बसण्याचा जो वेळ लागतो तो आमच्याजवळ नव्हता, आणि त्या वेळेची किंमत म्हणून आम्ही पैसे देऊ पाहत होतो.

आत्यांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आम्ही मग एके दिवशी जाऊन दिले. म्हणालो, "आत्या, त्या गोळ्यांनी आठवत नाही. इंजेक्शन लागतं, ते चालू ठेवायचं. बाकीच्या बाटल्या आम्ही काढतो." वाईट वाटेल अशी आमची कल्पना होती. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही एवढं पैसे घालून आणलंत, म्हणून घेत होते." म्हणजे आम्ही त्यांची समजूत घालीत होतो, तेव्हा त्या आमची समजूत घालीत होत्या!

आज पवित्र हृदयाच्या तसबिरीखालची फळी रिकामी आहे. मेणबत्ती, फुले आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दोन औषधांचा एक डबा एवढेच तिथे आहे. डब्याला वारांचे कप्पे आहेत आणि तो भरण्याचे काम सुनेने घेतले आहे. सायंकाळी जपमाळ आत्यांच्या एकटीची राहिलेली नाही. 'नमो मरिया' त्या आजही एका दमात, एकही शब्द न चुकता म्हणतात. फार लहानपणी पाठ झालेले अखेरपर्यंत टिकते, असे डॉक्टर म्हणाले. रहस्य कितवे हे मात्र त्यांना आठवत नाही. त्या मणी धरून थांबतात आणि वर पाहतात. मग शेजारी बसलेल्या नातवाने सांगायचे, "आजी, चौथं." त्या मान डोलावतात आणि चौथे रहस्य सुरू होते.